पान दिसूं लागतें तें केव्हां?

गेल्या पावसाळ्यांत एके दिवशीं दुपारीं मी पुण्याहून लोणावळ्याच्या लोकलनें निघालों होतों. तळेगांव सुटलें आणि पाऊस असा कोसळूं लागला कीं डब्यांतील सर्व खिडक्या लावून घ्याव्या लागल्या. कांचेवरून पाण्याचे लोट वाहत होते; बाहेरचा डोंगर दिसेना, झाड दिसेना, स्टेशनाची पाटीहि दिसेना. कोणतें स्टेशन आलें हें कळावें म्हणून मीं खिशांतील मोबाईल बाहेर काढला. त्यांत एक प्रवासी ॲप होतें. त्याचें नांव येथें सांगण्याचें कारण नाहीं. या ॲपमध्यें प्रत्येक स्टेशनाचें एकेक पान होतें. बोटानें पडदा डावीकडे सरकविला कीं पुढच्या स्टेशनाचें पान येई, उजवीकडे सरकविला कीं मागच्या स्टेशनाचें. पानावर त्या स्टेशनाचें वेळापत्रक, परतीची शेवटची गाडी, आसपासचीं पाहण्याचीं स्थळें, आणि खालीं पावसाळ्यापुरती एक धोक्याची सूचना. ही सूचना पान पुढें येतांच मोठ्यानें वाचून दाखविली जाण्याची सोय होती. सोय मोठी शहाणपणाची, यांत शंका नाहीं.

कामशेत गेल्यावर मीं मळवलीचें पान पुढें आणलें. तों फोनमधून स्पष्ट आवाज आला, ‘लोणावळें. धबधब्याच्या पात्रांत उतरूं नका.’ माझ्या शेजारीं एक आजीबाई गांठोडें घेऊन बसल्या होत्या. त्या लगबगीनें उठून उभ्या राहिल्या.

“आलं का हो लोणावळं?”

“नाहीं आजी, अजून मळवलीसुद्धां यायची आहे. बसा तुम्ही.”

“मग हा काय म्हणतोय तो?” त्या माझ्या हातांतील फोनकडे पाहत म्हणाल्या.

मला उत्तर देतां आलें नाहीं. पडद्यावर मळवली आणि आवाज लोणावळ्याचा! मीं पडदा मागें सरकविला, पुढें सरकविला; पण जें पान डोळ्यांना दिसे त्याच्याविषयीं आवाज कधींच बोलेना. तो एक तर शेजारच्या पानाविषयीं बोले, नाहीं तर मुळींच गप्प राही. घरीं आल्यावर मीं याचा शोध घेतला, आणि असें आढळलें कीं ही कांहीं एका ॲपची खोड नव्हे. सरकतीं पानें असलेलें ॲप लिहावयास बसलेल्या बहुतेक प्रत्येक प्रोग्रॅमरला कधीं ना कधीं हा प्रश्न पडलेला आहे: आपलें पान मनुष्याला दिसूं लागलें, हें पानाला कळावें कसें? ऐकतांना हा प्रश्न पोरकट वाटतो. दिसलें म्हणजे दिसलें, त्यांत कळावयाचें काय? परंतु दिसणें ही गोष्ट आपण समजतों तितकी साधी नाहीं.

प्रथम हें ध्यानांत घेतलें पाहिजे कीं जें पान आपण बोटानें ओढून आणतों तें ओढण्याच्या क्षणीं जन्मास येत नाहीं. मोबाईलचा पडदा साधारणपणें सेकंदाला ६० वेळां नव्यानें रंगविला जातो. म्हणजे एका चित्रापासून दुसऱ्या चित्रापर्यंत सुमारें १६ सहस्रांश सेकंदांचाच अवकाश असतो. एवढ्या वेळांत पानाची मांडणी करावयाची, अक्षरें जुळवावयाचीं, छायाचित्रें उलगडावयाचीं आणि वेळापत्रक आणून भरावयाचें, हें होणारें नव्हे. मग बोट पुढें जातें, पान मागें राहतें, आणि सरकणें धक्के खात होतें. यासाठीं फोन युक्ति अशी करतो कीं जें पान दिसत आहे त्याच्या डाव्या व उजव्या हाताचीं पानें तो आधींच तयार करून पडद्याच्या कडेबाहेर उभीं ठेवतो.

घाटानें येजा करणाऱ्यांना ही युक्ति नवी वाटूं नये. बोरघाटाची रेल्वे इ. स. १८६३ मध्यें सुरू झाली, आणि तिचा चढ कांहीं ठिकाणीं ३७ फुटांस १ फूट इतका आहे. पुण्याकडे येणाऱ्या बऱ्याच गाड्यांना हा चढ चढण्यासाठीं कर्जतला मागून जादा इंजिनें लावावीं लागतात. गाडी आल्यावर इंजिनें शोधावयास निघालें तर प्रवाशांची रात्र कर्जतलाच जाईल. म्हणून इंजिनें सज्ज होऊन आधींच उभीं असतात. त्याहूनहि जवळचें उदाहरण कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन यांच्या ‘शांबरिक खरोलिके’चें. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांनीं कांचेवर हातानें रंगविलेलीं चित्रें दिव्याच्या साहाय्यानें पडद्यावर पाडून कथा दाखविण्याचा उद्योग आरंभिला होता. अशा दिव्यांना पुष्कळदां दोन खणांची एक आडवी लाकडी चौकट असते. एका खणांतील कांच दिव्यासमोर असते तेव्हां दुसरा खण दिव्याबाहेर राहतो, आणि चालविणारा त्यांत पुढची कांच बसवून ठेवतो. चौकट सरकविली कीं दुसरी कांच दिव्यासमोर येते. प्रेक्षकांना वाटतें, चित्र आतां आलें. चित्र तर केव्हांच येऊन बसलें होतें! मोबाईलच्या सरकत्या पानांची सारी रचना या लाकडी चौकटींत आहे; आणि साऱ्या घोटाळ्याचें मूळहि तेथेंच आहे.

आतां हा घोटाळा पायरीपायरीनें पाहूं. ॲन्ड्रॉइड नांवाच्या प्रणालींत (आपल्याकडील बहुसंख्य मोबाईल हिच्यावरच चालतात) सरकत्या पानांसाठीं इ. स. २०११ मध्यें ‘व्ह्यूपेजर’ नांवाचें एक तयार यंत्र प्रोग्रॅमर लोकांच्या हातीं देण्यांत आलें. त्यांत घालावयाच्या पानाला बहुधा ‘फ्रॅगमेंट’ म्हणतात. प्रत्येक फ्रॅगमेंटाला प्रणालीकडून त्याच्या आयुष्यांत ठराविक क्रमानें निरोप येतात. तूं जन्मलास, हा पहिला. तुझें दृश्य रूप तयार कर, हा त्यानंतरचा. मग ‘ऑनस्टार्ट’, आणि शेवटीं ‘ऑनरिझ्यूम’, म्हणजे आतां तुझें काम जोरांत चालूं दे. परततांना हेच निरोप उलट क्रमानें येतात. ऑनरिझ्यूम या निरोपाचें वर्णन प्रणालीच्या मार्गदर्शिकेंत असें होतें कीं पान वापरणाऱ्याला दिसत आहे आणि कार्यरत आहे तेव्हां तो येतो. नवख्या प्रोग्रॅमरनें तें वाचलें, आणि सूचना बोलून दाखविण्याची आज्ञा त्या निरोपाखालीं लिहून टाकली. यांत त्याचा दोष तो काय? वर्णनच तसें होतें.

परंतु व्ह्यूपेजर शेजारचीं पानें नुसतीं रचून थांबत नसे. तो त्यांना ऑनरिझ्यूमपर्यंत सारे निरोप देऊन मोकळा होत असे. समजा, मीं कामशेतचें पान उघडलें. त्याबरोबर कामशेत, अलीकडचें कान्हे आणि पलीकडची मळवली अशीं तिन्ही पानें तयार झालीं आणि तिघांनाहि एकदमच ‘रिझ्यूम’चा निरोप गेला. तिघेंहि समजूं लागलीं कीं आपण दिसत आहों. आतां मीं बोटानें मळवलीचें पान पुढें आणलें. मळवलीला नवा निरोप काय मिळाला? कांहींच नाहीं, कारण तिला तो आधींच मिळून चुकला होता. निरोप मिळाला तो लोणावळ्याला, कारण मळवलीचें पान मधोमध आल्यामुळें लोणावळें आतां तिच्या शेजारचें झालें व तें नव्यानें रचलें गेलें. म्हणून पडद्यावर मळवली आणि आवाज लोणावळ्याचा! मी मागें परतलों तर कामशेतचें पान अजून जिवंत होतें, तेव्हां तेंहि गप्प. आणि बोलूं लागलें तें कान्हे. ॲप सदैव एक स्टेशन पुढें किंवा मागें चालत होतें, आणि त्याच्या दृष्टीनें तें अगदीं नियमानेंच चालत होतें.

यावर पहिला सुचणारा उपाय असा कीं शेजारचीं पानें तयार करूंच नयेत. किती पानें बाजूला तयार ठेवावयाचीं तो आंकडा प्रोग्रॅमरला ठरवितां येतो. पुष्कळांनीं तेथें शून्य लिहून पाहिलें. व्ह्यूपेजर तें ऐकत नसे. एकापेक्षां कमी आंकडा दिला तर तो मुकाट्यानें एकच धरी, आणि आपल्या टिपणवहींत प्रोग्रॅमरसाठीं एक ताकीद लिहून ठेवी.

दुसरा उपाय प्रणालीनेंच दिला. त्याचें नांव जरा लांबलचक आहे: ‘सेटयूझरव्हिजिबलहिंट’. याचा अर्थ, तूं दिसत आहेस किंवा नाहींस याची पानाला दिलेली खूण. मधोमध आलेल्या पानाला ‘होय’ अशी खूण जाई व बाजूला गेलेल्या पानाला ‘नाहीं’ अशी. हें बरेंच बरें झालें. पण या खुणेचा आणि मघांच्या निरोपांचा एकमेकांशीं मेळ नव्हता. पानाचें दृश्य रूप तयार होण्याच्या आधींच कधींकधीं ‘होय’ अशी खूण येऊन थडके. त्या पानानें उत्साहानें आपल्या शीर्षकाचा रंग बदलावयास जावें, तों शीर्षकच अजून अस्तित्वांत नाहीं! अशा वेळीं ॲप तडकाफडकी बंद पडत असे. लग्नाचें आमंत्रण पोंचलें, पण मांडव अजून घातलेला नाहीं, आणि वऱ्हाड दारांत उभें, त्यांतलाच हा प्रकार. शिवाय मध्येंच फोन आला, किंवा कोणी दुसरें ॲप उघडून परत आलें, तर पान नाहींसें होऊन पुन्हां दिसलें तरी खूण जशीची तशीच राही. तिच्या लेखीं कांहींच घडलेलें नसे. अनुभवी लोक म्हणूनच दोन्ही अटी मिळवून पाहत: खूण ‘होय’ आहे, आणि पान ‘रिझ्यूम’ अवस्थेंतहि आहे. दोहोंपैकीं जी गोष्ट मागाहून घडेल त्या क्षणीं पान दिसूं लागलें असें धरावयाचें. ही तोड साधी होती आणि वर्षानुवर्षे चालली.

तिसरा मार्ग पानाला विचारण्याऐवजीं सरकविणाऱ्या यंत्रालाच विचारण्याचा: ‘कोणतें पान निवडलें गेलें?’ व्ह्यूपेजर तें सांगतो. पण त्याच्या सांगण्यांतहि दोन मेखा आहेत. ॲप उघडतांच जें पहिलें पान समोर येतें त्याच्याबद्दल तो अवाक्षर काढीत नसे, कारण निवड ‘बदलली’ तरच बोलावयाचें असा त्याचा नियम. दुसरी मेख अशी कीं तो जरा लवकर बोलतो. बोट उचललें गेलें आणि पान पुढें जाणार हें ठरलें कीं तो ‘मळवली’ म्हणून मोकळा होतो. मळवलीचें पान अजून घसरत येत असतें, आणि कामशेतची कड पडद्यावरून पुरती गेलेलीहि नसते.

येथें मला आगगाडीच्या जुन्या ब्लॉक-पद्धतीची आठवण होते. पुढच्या स्टेशनानें ‘लाइन क्लिअर’ दिली म्हणजे गाडी आली असा अर्थ होत नाहीं. गाडी येऊं द्यावयास हरकत नाहीं इतकाच तो अर्थ. इंजिन फलाटाशीं दिसलें म्हणूनहि स्टेशन-मास्तर गाडी पोंचल्याचें मागील स्टेशनाला कळवीत नाहीं. शेवटच्या डब्यामागची ‘एल. व्ही.’ अशी खूण किंवा तांबडा दिवा नजरेस पडला, म्हणजे गाडी अख्खी आली, मागें घाटांत एखादा डबा सुटून राहिला नाहीं, अशी खात्री झाली, मगच तो तसें कळवितो. व्ह्यूपेजरजवळहि या शेवटच्या खुणेसारखी एक खूण आहे, पण पुष्कळांचें तिच्याकडे लक्ष जात नाहीं. सरकण्याच्या तीन अवस्था तो सांगतो: बोट ओढीत आहे, पान आपोआप जागेवर बसत आहे, आणि सर्व स्थिर झालें आहे. निवड बदलल्याचा निरोप आला आणि त्यानंतर ‘स्थिर’ ही अवस्था आली, तरच पान खरोखर येऊन बसलें. कोणी पान अर्धेंच ओढून सोडून दिलें तर तें माघारीं जातें, निवड बदलतच नाहीं, आणि उगाच आवाजहि होत नाहीं.

इ. स. २०१९ हें या बाबतींत सुधारणेचें वर्ष ठरलें. त्या वर्षीं प्रणालीच्या कर्त्यांनीं मूळ चूकच दुरुस्त केली. आतां जुन्या व्ह्यूपेजरला असें सांगतां येऊं लागलें कीं बाजूचीं पानें ‘स्टार्ट’ या पायरीपर्यंतच आणून तेथें रोखून धर. ‘रिझ्यूम’चा मान फक्त मधल्या पानाला. लांबलचक नांवाची ती खूण त्याच वेळीं निवृत्त करण्यांत आली. पाठोपाठ नोव्हेंबर महिन्यांत ‘व्ह्यूपेजर२’ हें नवें यंत्र पक्क्या स्वरूपांत बाहेर आलें, आणि त्यांत हाच शिरस्ता जन्मापासून आहे. एवढेंच नव्हे, तर सरकणें थांबून स्थिर अवस्था येईपर्यंत तें नव्या पानाला ‘रिझ्यूम’चा निरोप देतच नाहीं, म्हणजे शेवटच्या डब्याची खूण पाहिल्यावांचून गाडी आल्याचें कळवावयाचें नाहीं, हा नियम त्याच्या अंगींच बाणविला आहे. जो भाबडा प्रोग्रॅमर आरंभीं चुकला होता त्याचें तेंच लिखाण आतां बरोबर ठरतें! जग आपल्या चुकीशीं जुळवून घेईपर्यंत थांबण्याची सवड मात्र सर्वांनाच मिळते असें नाहीं.

या सुधारणेनें आणखी एक कोडें सुटलें, तें पानांतील पानाचें. समजा, लोणावळ्याच्या पानांतच टायगर पॉइंट, भुशी, राजमाची यांचीं चित्रें पुन्हां बोटानें सरकवितां येतात. मी मळवलीच्या पानावर आहें आणि लोणावळें बाजूला उभें आहे. त्याच्या पोटांतील भुशीच्या चित्राला विचारलें, ‘तूं दिसतोस काय?’ तर तें म्हणे, ‘होय, मीच मधोमध आहें!’ त्याच्या घरापुरतें तें खरेंच होतें. अख्खें घर पडद्याबाहेर आहे याची त्याला वार्ता नव्हती. जुनी खूण बाहेरच्या पानाकडून आंतल्या पानाकडे पोंचत नसे. नव्या व्यवस्थेंत बाहेरचें पान ज्या पायरीवर रोखलें असेल तिच्यापुढें आंतल्या पानाला जातां येत नाहीं, त्यामुळें ही बढाई आपोआप बंद झाली.

ॲपलच्या आयफोनवर परिस्थिति निराळी आहे, तरी खाचखळगे तेथेंहि आहेतच. तेथें पान ‘आतां दिसणार’ आणि ‘दिसलें’ असे दोन स्वतंत्र निरोप पहिल्यापासून वेगळे ठेवले आहेत. बोटानें ओढण्यास आरंभ होतांच पहिला निरोप जातो. पण ओढणाऱ्यानें मध्येंच विचार बदलून पान सोडून दिलें, तर दुसरा निरोप येत नाहीं. जो पहिल्यावरच विसंबून राहिला तो फसला. सरकणें पुरें झालें किंवा अर्धवट सोडलें हेंहि तेथील यंत्र शेवटीं वेगळें कळवितें.

इतकें सगळें साधल्यावर तरी ‘दिसलें’ या शब्दाचा अर्थ निश्चित झाला काय? नाहीं. पडदा दोन भागांत विभागून दोन ॲपें शेजारीं शेजारीं ठेवण्याची सोय ॲन्ड्रॉइडमध्यें इ. स. २०१६ सालीं आली. तेव्हां ज्या ॲपला शेवटचा स्पर्श झाला तेवढेंच ‘रिझ्यूम’ अवस्थेंत राही. दुसरें डोळ्यांना धडधडीत दिसत असूनहि त्याला ‘पॉज’चा निरोप जाई, आणि त्यांत चालू असलेलें चलच्चित्र मध्येंच थांबे. ही विसंगति २०१९ च्या ॲन्ड्रॉइड १० मध्यें दूर झाली. जाहिरातीच्या धंद्यांत तर ‘दिसणें’ याचा पैशांशीं संबंध असल्यामुळें त्याची व्याख्याच करून टाकली आहे. अमेरिकेंतील मीडिया रेटिंग कौन्सिल या संस्थेच्या नियमानें, स्थिर जाहिरातीचा निदान अर्धा भाग पडद्यावर सलग एक सेकंद राहिला तर ती दिसण्याजोगी झाली असें धरतात. चलच्चित्राला दोन सेकंद लागतात. ‘दिसण्याजोगी’ म्हटलें आहे, ‘पाहिली’ म्हटलेलें नाहीं, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. व्यापाऱ्यांनीं येथें शब्द जपून वापरला आहे, तो मला आवडला.

आतां कोणी विचारील, एक स्टेशन पुढचा आवाज आला, आजीबाई मिनिटभर उभ्या राहिल्या, एवढ्यावर इतकें चऱ्हाट कशाला? त्याचें कारण ती धोक्याची सूचना. ३० जून २०२४ या दिवशीं भुशी धरणाच्या मागल्या धबधब्यांत पाण्याचा लोंढा अकस्मात् वाढला, आणि एकाच कुटुंबांतील ५ जण सर्वांच्या डोळ्यांदेखत वाहून गेले. जी. आय. पी. रेल्वेनें वाफेच्या इंजिनांना पाणी मिळावें म्हणून बांधलेलें हें धरण. पावसाळ्यांतील रविवारीं तेथें पाऊल ठेवावयास जागा नसते. पुढच्याच वर्षीं, १५ जून २०२५ रोजीं, मावळांतीलच कुंडमळा येथें इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल माणसांच्या गर्दीसह कोसळला आणि ४ जण मृत्युमुखीं पडले. अशा स्थळांविषयीं सावधगिरीचा इशारा लोकांपर्यंत पोंचविण्याचें एक साधन आतां मोबाईल झालें आहे. इशारा पाठविणाऱ्याला पुढें हें जाणून घ्यावयाचें असतें कीं तो कितीजणांनीं पाहिला. तो आंकडा येतो कोठून? पानानें ‘मी दिसलें’ असें जेव्हां नोंदविलें, तेथून.

मघांच्या ॲपची नोंद या दृष्टीनें तपासून पाहा. जो मनुष्य मळवलीच्या पानावर थांबला आणि तेथेंच उतरून भाज्याच्या लेण्यांकडे गेला, त्याच्या नांवावर लोणावळ्याचा इशारा ‘पाहिला’ म्हणून लागला. त्यानें तो डोळ्यांनीं कधींच पाहिला नाहीं. उलट कामशेतहून एक पान सरकवून जो मळवलीवर आला, त्याला मळवलीचा इशारा तें पान समोर असतांना ऐकूंच आला नाहीं. तो कामशेतच्या वेळींच, दुसऱ्या आवाजांत मिसळून, बोलून झाला होता. कागदावर मात्र दोघांचेहि आंकडे भरलेले. असा आंकडा पाहून एखाद्या अधिकाऱ्यानें ‘इशारा सर्वांना पोंचला आहे’ असें मानलें आणि पाटी लावण्याचें किंवा माणूस उभा करण्याचें काम पुढें ढकललें, तर त्याला नांवें तरी कशीं ठेवावींत? ज्यांना डोळ्यांनीं दिसत नाहीं अशा प्रवाशांचें तर विचारूंच नका. त्यांना तो आवाज म्हणजेच पान. आपण निदान ‘आवाज खोटा, अक्षर खरें’ असें ठरवूं शकतों. त्यांनीं काय ठरवावें?

दुसरा तोटा लहान, पण रोजचा आहे. न दिसणारें पान आपण दिसत आहों असें समजून चित्रें उतरवून घेतें, चलच्चित्र चालू करतें, दर अर्ध्या मिनिटाला नवें वेळापत्रक मागवितें. घाटांतल्या बोगद्यांत, जेथें मोबाईलला धड रेंज मिळत नाहीं, तेथें जें थोडेंफार मिळतें तें तीन पानांत वांटलें जातें, आणि जें पान खरोखर हवें असतें तेंच उपाशी राहतें. बॅटरी उतरते ती निराळीच.

आपल्या फोनमधील एखादें ॲप या परीक्षेस उतरतें कीं नाहीं हें घरबसल्या पाहतां येतें. त्यासाठीं प्रोग्रॅमर असण्याची गरज नाहीं. ज्यांत आवाजाचीं किंवा चलच्चित्रांचीं पानें बोटानें सरकतात असें ॲप घ्यावें. पान अर्धेंच ओढून बोट तसेंच दाबून धरावें, आणि नवें पान बोलूं लागतें काय तें ऐकावें. मग बोट न उचलतां तें हळूच माघारीं न्यावें. त्यानंतर मधलें पान चालू असतांना घराचें बटण दाबून बाहेर यावें व कांहीं वेळानें परत जावें. जुनें पान पुन्हां सुरू झालें पाहिजे, शेजारचें नव्हे. शेवटीं ॲप पूर्ण बंद करून नव्यानें उघडावें आणि पहिलें पान न सरकवितां तसेंच राहूं द्यावें. या तीन प्रसंगांपैकीं एका ना एका ठिकाणीं कच्चें ॲप हटकून चुकतें. माझ्या मुलीनें हा खेळ आमच्या घरांतील चार फोनांवर केला, आणि तिच्या बापाचें आवडतें ॲप त्यांत नापास झालें, हें तिनें जेवतांना सर्वांना सांगितलें.

मीं त्या प्रवासी ॲपच्या चालकांना झाला प्रकार लिहून कळविला. महिन्याभरानें नवी आवृत्ति आली. भाद्रपदांत मी पुन्हां त्याच लोकलनें निघालों. ऊन पडलें होतें, खिडक्या सताड उघड्या होत्या. कामशेत सुटल्यावर मीं पान सरकविलें. तें जागेवर येऊन बसलें, आणि मग शांतपणें आवाज आला, ‘मळवली’. इशारा शब्दन्शब्द बरोबर होता, आणि ॲपनें तो मीं पाहिल्याची नोंदहि त्याच क्षणीं करून टाकली असेल. मी मात्र तेव्हां लोहगड आणि विसापूर यांच्यावरून उतरणाऱ्या ढगांकडे पाहत होतों.